११२ म्हणजे राजद्रोह नव्हे : मराठी वृत्तपत्रांच्या परदेश-वार्ता विभागांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांच्या परदेश-वार्ता विभागांतील संपादक-उपसंपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

थायलंडमधून अधूनमधून एकाच जातीची बातमी येते. कुणी फेसबुकवर काही टाकले, कुणी सभेत बोलले, कुणी राजाच्या तसबिरीला रंग फासला, आणि त्याला अमुक वर्षांची शिक्षा झाली. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात गुन्ह्याचे नाव असते 'लेज माजेस्ते'. पान सोडायची वेळ झालेली, शब्द फ्रेंच, कोश हाताशी नाही. मग मथळा पडतो 'राजद्रोहप्रकरणी विद्यार्थी नेत्याला तुरुंगवास'. राजा आहे, त्याच्याविरुद्ध काहीतरी केले आहे, म्हणजे राजद्रोहच की, असा तो तर्क. घाईत तो कुणालाही पटेल. पण शब्द चुकला आहे, आणि या चुकीमुळे आरोपीने न केलेला गुन्हा वाचकाच्या डोक्यात त्याच्या नावावर चढतो.

सगळ्यात आधी थायलंडच्या दंडसंहितेतली तीन कलमे शेजारीशेजारी ठेवून पाहा. कलम ११२, म्हणजेच बातम्यांतले 'लेज माजेस्ते' : राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी करणे, अपमान करणे किंवा त्यांना धमकावणे. शिक्षा ३ ते १५ वर्षे. कलम ११३ : बळाने राज्यघटना वा सरकार उलथवण्याचा प्रयत्न, म्हणजे उठाव. शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप. कलम ११६ : लोकांमध्ये असंतोष पेटवून अशांतता माजवण्यासाठी किंवा कायदे मोडायला लावण्यासाठी बोलणे-लिहिणे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. आपण मराठीत ज्याला राजद्रोह म्हणत आलो, ते हे ११६ आहे. २०२०च्या आंदोलनानंतर तिथल्या अनेक पुढाऱ्यांवर ११२ आणि ११६ ही दोन्ही कलमे एकदम लागली. ११२ ला 'राजद्रोह' म्हणून मोकळे झालात, तर त्याच बातमीच्या पुढच्या परिच्छेदात ११६ येते तेव्हा काय लिहिणार? बहुतेक वेळा काहीच लिहिले जात नाही. ते वाक्यच गळते आणि दोन आरोपांचा एक होतो.

थाई भाषेत ११२ च्या गुन्ह्याचे जे नाव आहे ते मराठी माणसाला फ्रेंच नावापेक्षा कितीतरी जवळचे आहे. 'मिन फ्रा-बोरोम्म-देचानुफाप'. उच्चार परका वाटतो, पण उकलून पाहा. 'फ्रा' हा आदराचा उपसर्ग, मूळ 'वर' म्हणजे श्रेष्ठ. 'बोरोम्म' म्हणजे परम. 'देचा' म्हणजे तेज. 'आनुफाप' म्हणजे आनुभाव. 'महानुभाव'मध्ये आहे तोच, प्रभाव किंवा सामर्थ्य या अर्थाचा. आणि 'मिन' म्हणजे कमी लेखणे. सगळे मिळून, राजाच्या परम तेजाला आणि प्रभावाला कमी लेखणे. यात द्रोह कुठेच नाही. कलमाच्या मजकुरात ज्या तीन कृती आहेत त्यांतही आपले शब्द लपलेले आहेत. 'मिन-प्रमात' मधला 'प्रमाद', 'दू-मिन' म्हणजे खालच्या नजरेने पाहणे, आणि 'आखात' म्हणजे 'आघात', मात्र पालीतल्या 'वैरभाव' या अर्थाने. वारसाला ते 'रात्चथायात' म्हणतात, म्हणजे राजदायाद. ११३ मधल्या उठावाला थाईत 'कबोत' म्हणतात. तो आपला 'कपट'. थाई कायदा वाचताना अशी ओळखीची माणसे वेश बदलून भेटत राहतात. भाषांतर करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे की थायलंडच्या कायद्यानेच कमी लेखणे वेगळे आणि कपट वेगळे असे मानले आहे.

आता फ्रेंच नावाचे मूळ. लॅटिनमध्ये 'क्रिमेन लाएसाए माएस्तातिस'. 'लाएदेरे' म्हणजे इजा करणे, जखम करणे. एमआरआयच्या अहवालात 'लीजन' लिहिलेले असते ना, तो याच धातूतून आला. 'माएस्तास' हे 'मायोर' म्हणजे 'अधिक मोठा' यावरून, आणि त्याचे मूळ आपल्या 'महत्'च्या मुळाशी एक मानले जाते. तेव्हा शब्दशः अर्थ होतो मोठेपणाला झालेली इजा. 'महिमाभंग' म्हटले तर व्युत्पत्तीला फार धक्का लागत नाही.

गंमत अशी की हा मोठेपणा मुळात राजाचा नव्हताच. रोममध्ये हा गुन्हा जन्मला तेव्हा तिथे राजा नव्हता. इसवी सनापूर्वी सुमारे १०३ मध्ये सॅटर्नायनस या लोकप्रतिनिधीने आणलेल्या कायद्यात 'रोमन जनतेचा मोठेपणा' जपायचा होता. सेना गमावणारे सेनापती आणि पद वापरून रोमची नाचक्की करणारे अधिकारी हे त्याचे लक्ष्य. इसवी सनापूर्वी ८१ मध्ये सुला या हुकूमशहाने तो नव्याने बांधला. त्याहून जुना 'पर्दुएल्लिओ' नावाचा वेगळा गुन्हा होता, तो म्हणजे राज्याशी सरळ शत्रुत्व. म्हणजे रोमनांकडेही आधी दोन खण होते.

मग प्रजासत्ताक गेले, सम्राट आले, आणि जनतेचा मोठेपणा एका माणसाच्या अंगावर चढला. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की पूर्वी कृतीवर खटले होत, शब्दांना शिक्षा नव्हती. बदनामीकारक लिखाणाला हा कायदा पहिल्यांदा लावला तो ऑगस्टसने. टायबेरियसच्या काळात (इ.स. १४ ते ३७) त्याचे काय झाले हे चरित्रकार स्यूटोनियस सांगतो : ऑगस्टसच्या पुतळ्याजवळ गुलामाला मारणे, पुतळ्याजवळ कपडे बदलणे, सम्राटाची छबी असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचकूपात जाणे, हे सगळे देहदंडाचे गुन्हे ठरले. इ.स. २५ मध्ये क्रेमुशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला चालला तो आपल्या इतिहासग्रंथात सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला 'शेवटचा रोमन' म्हटले म्हणून. त्याने अन्न सोडून प्राण दिला; पुस्तके जाळली गेली. अशा खटल्यांत फिर्याद करणाऱ्याला दोषीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा मिळत असे. चौथ्या हिश्श्यासाठी माणसे शेजाऱ्याच्या जेवणातले बोलणे लक्षात ठेवू लागली, तर नवल ते काय.

याच रोमच्या इतिहासात इ.स. ३९३ चा एक आदेश मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. थिओडोशियस आणि त्याचे सहसम्राट न्यायाधिकाऱ्यांना कळवतात : आम्हाला कुणी वाईटसाईट बोलला तर परस्पर शिक्षा करू नका, आमच्याकडे पाठवा. उथळपणाने बोलला असेल तर दुर्लक्ष करावे, वेडाच्या भरात बोलला असेल तर कीव करावी, दुखावण्याच्या हेतूने बोलला असेल तर क्षमा करावी. सोळाशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे हा.

इथे आमच्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्टही मान्य केली पाहिजे. 'माएस्तास'ने पुढे 'पर्दुएल्लिओ'ला गिळले, आणि मध्ययुगीन युरोपात राजाच्या जिवावर उठणे आणि राजाला शिवी देणे दोन्ही एकाच नावाखाली आले. चौथ्या हेन्रीला भोसकणाऱ्या रावायाकला १६१० मध्ये फ्रान्सने देहान्त दिला तो याच नावाच्या गुन्ह्यासाठी. पोर्तुगालच्या १६०३ च्या संहितेत 'लेझा-मजेस्ताद'वर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची तुलना महारोगाशी केली आहे, कारण डाग मुलाबाळांवरही राहतो. ती संहिता गोव्याच्या वाट्यालाही आली होती. १७८७ च्या पिंटोंच्या कटासारख्या प्रकरणाविषयी लिहिताना 'राजद्रोह' हा शब्द चालेल, नव्हे तोच योग्य, कारण तिथे सत्ता उलथवण्याचा कट हाच आरोप होता. तेव्हा नियम असा धरा की जुन्या युरोपातला खटला असेल तर आधी कृती पाहा आणि मग शब्द निवडा. आजच्या बातम्यांत हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

राजद्रोह हा शब्द आपल्याकडे कसा रुजला हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम १२४-अ घातले गेले. १८९७ मध्ये टिळकांवर त्याखाली मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. १८९७ चे वर्ष इथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव चाललेला, त्याच दिवशी रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. तरीही टिळकांवर राणीला नावे ठेवल्याचा आरोप नव्हता. कायद्याने स्थापित सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण केल्याचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीतीचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' इतका ताणला, पण तो ताणलेला अर्थसुद्धा सरकारविषयीच होता. राजद्रोहात लोकांच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहतात. लेज माजेस्तेमध्ये राजाच्या मानाला काय झाले एवढेच पाहतात; ऐकणारा एकही माणूस पेटला नाही तरी गुन्हा पूर्ण होतो. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित ठेवले, १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ आले. राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांच्या अवमानाला १९७१ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण राष्ट्रप्रमुखाला शब्दाने दुखावण्याचा खास गुन्हा भारतात नाही. म्हणूनच आपल्याकडे तयार शब्द नाही.

संस्कृतात मात्र होता. कौटिल्याने राजाला शिव्या देणाऱ्याला 'राजाक्रोशक' म्हटले आणि जीभ उपटण्याची शिक्षा सांगितली. याज्ञवल्क्य स्मृतीत राजाचा आक्रोश करणाऱ्याची जीभ कापून त्याला हद्दपार करावे असे आहे. पण 'राजाक्रोश' हा शब्द आज छापला तर वाचक समजेल की राजा धाय मोकलून रडतो आहे. मराठीत 'आक्रोश'चा अर्थ शिवीवरून रडण्यावर गेला, आता तो परत ओढून आणता येणार नाही.

मग काय लिहावे? 'राजनिंदा' अर्धा गुन्हा पकडतो. निंदा तोंडाने किंवा लेखणीने होते, पण २००७ मध्ये एका स्विस नागरिकाला चियांग माईत १० वर्षांची शिक्षा झाली ती राजाच्या तसबिरींवर काळा रंग फवारल्याबद्दल. 'मानहानी' नको, कारण तो साध्या बदनामीच्या खटल्याचा शब्द आहे आणि थायलंडमध्ये साध्या बदनामीचा गुन्हा वेगळ्या कलमात, छापील बदनामीला जास्तीत जास्त २ वर्षे शिक्षेसह, आहेच. 'राजावमान' कागदावर बरा दिसतो, पण घाईत वाचणाऱ्याला राजाला वमन झाल्यासारखे वाटते. 'बेअदबी' हा झणझणीत, जिवंत शब्द आहे, मथळ्यात छान बसतो. मात्र मुजऱ्याचा वास असल्यामुळे कायद्याच्या वाक्यात तो थोडा नाटकी होतो. आम्ही सुचवतो सरळ दोन शब्द : 'राजाचा अवमान'. 'न्यायालयाचा अवमान' यामुळे वाचकाला हे ठाऊक आहे की अवमानाला तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय 'अव' म्हणजे खाली, 'मान' म्हणजे मानणे. थाईतल्या 'दू-मिन'चे याहून नेमके भाषांतर शोधून सापडणार नाही. 'अपमान' लिहिलात तरी आकाश कोसळणार नाही, पण अपमान मनाला लागतो आणि अवमान पदाला.

शब्द बरोबर झाला तरी बातमी चुकण्याच्या आणखी जागा आहेत.

'राजघराण्याचा अपमान' असे लिहिले जाते. कलमाच्या मजकुरात चारच व्यक्ती आहेत : राजा, राणी, वारस, राजप्रतिनिधी. राजाच्या बहिणी, इतर राजपुत्र-राजकन्या त्यात नाहीत. उलट २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दीडशे वर्षांपूर्वीचा राजा चौथा राम याच्याविषयीच्या वक्तव्यालाही हे कलम लावले. म्हणजे जिवंत राजकन्या कलमाच्या मजकुराबाहेर आणि दिवंगत राजा आत.

शिक्षेचा आकडा हा दुसरा घसरता भाग. '१५ वर्षांपर्यंत शिक्षा' एवढेच छापले की किमान ३ वर्षे गळतात, आणि या कलमाची खरी धार त्या किमान मर्यादेत आहे. १९७६ पूर्वी कमाल ७ वर्षे होती, किमान नव्हतीच. ६ ऑक्टोबर १९७६ ला थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि पंधरवड्यात लष्करी राजवटीने हुकूम काढून ३ ते १५ वर्षे केली. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक ध्वनिफीत हा स्वतंत्र गुन्हा आणि शिक्षा एकापाठोपाठ भोगायच्या. जानेवारी २०२१ मध्ये एका माजी सरकारी कर्मचारी महिलेला ध्वनिफिती पसरवल्याबद्दल साडेत्रेचाळीस वर्षे झाली, तेव्हा आपल्याकडे तो आकडा नुसता अचंबा म्हणून छापला गेला. हिशेब साधा आहे : २९ गुन्हे, प्रत्येकी किमान ३ वर्षे, झाली ८७. कबुली दिली म्हणून निम्मी, म्हणजे ४३ वर्षे ६ महिने. न्यायाधीशाने कठोर व्हायचे ठरवले नव्हते; त्याने सर्वांत कमी शिक्षा दिली होती. हा गुणाकार एका ओळीत दिलात तर वाचकाला कायदा कळेल.

'राजाने तक्रार केली' असेही कधी वाचायला मिळते. राजा तक्रार करत नाही, त्याची संमतीही लागत नाही. कुणीही नागरिक कुठल्याही ठाण्यात जाऊन फिर्याद देऊ शकतो, आणि ती दडपली तर आपल्याच निष्ठेवर बोट येईल या धास्तीने पोलीस ती पुढे ढकलतात. 'मी बोललो ते खरे आहे' हा बचावही नाही. खरेपणाचा बचाव साध्या बदनामीच्या प्रकरणात आहे. ११२ हे राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धच्या गुन्ह्यांत बसवलेले आहे. कलम बदलू म्हणणेही महागात पडते. ते आश्वासन देऊन निवडणूक लढवणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष ७ ऑगस्ट २०२४ रोजी घटना न्यायालयाने विसर्जित केला. बँकॉकला सहलीला जाणाऱ्या मराठी वाचकासाठी एक ओळ जरूर टाका : कलम परदेशी नागरिकालाही लागते. वर सांगितलेल्या स्विस माणसाला काही आठवड्यांत राजाची माफी मिळाली, पण ती मर्जी होती, हक्क नव्हे.

थायलंडबाहेरच्या बातम्यांत त्या त्या देशाचे नाव पाहा. जॉर्डनमध्ये या गुन्ह्याला अरबीत 'राजावर जीभ लांबवणे' म्हणतात. आपल्या 'जीभ फार लांब झाली आहे'चे सख्खे भावंड. मथळ्यात तसेच वापरा. कुवेतमध्ये 'अमिराच्या जाताला स्पर्श' म्हणतात. 'जातीने हजर राहणे' यातला 'जात' तो हाच. जर्मनीत २०१६ मध्ये एका विनोदवीरावर तुर्कस्तानच्या अध्यक्षांवरच्या कवितेसाठी चौकशी झाली ती परकीय राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाच्या कलम १०३ खाली. तिथे मात्र परदेशी सरकारची मागणी आणि जर्मन सरकारची परवानगी दोन्ही लागत. १ जानेवारी २०१८ पासून ते कलम गेले. तुर्कस्तान, पोलंड इथल्या प्रकरणांत राजाच नाही, तेव्हा 'राष्ट्राध्यक्षांचा अवमान' लिहा.

दोन सापळे. अर्जेंटिना-चिलीच्या बातम्यांत 'लेसा उमानिदाद' आले तर राजा शोधू नका. तो मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, 'लेसा' तेवढा समान. आणि इंग्रजी स्तंभलेखक पक्षाध्यक्षावरच्या टीकेला गमतीने लेज माजेस्ते म्हणतो, तेव्हा 'साहेबांविषयी ब्र काढणे' पुरेसे आहे.

उच्चाराचे विचाराल तर 'लेज'मधला ज 'जरा'तला आणि 'माजेस्ते'तला ज त्याहून मऊ, मराठीत नसलेला. मथळ्यात हा शब्द नकोच. मजकुरात एकदा द्या आणि लगेच खुलासा करा. पानावर जागा कमी असते म्हणून चौकट तयार करून देत आहोत, हवी तशी उचला :

'थायलंडच्या दंडसंहितेचे कलम ११२ : राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान वा धमकी. प्रत्येक गुन्ह्याला किमान ३, कमाल १५ वर्षे कैद. फिर्याद कोणीही देऊ शकतो. राजद्रोहाचे कलम वेगळे आहे, ते ११६.'

आपले,
कायद्याच्या मजकुराचे मराठी भाषांतर आणि कोशांचे काम करणारे काही जण